बोट आज सुटणार नाही

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. शनिवार सकाळ, नाक्सोस बेटाचं बंदर. पाठीवर सॅक, हातात फ्रापे (ग्रीकांची फेसाळ थंड कॉफी, चव साधारण आपल्या कॉलेज कॅन्टीनमधल्या कोल्ड कॉफीच्या वळणाची), खिशात दुपारच्या पिरेयसच्या बोटीचं तिकीट. रविवारी संध्याकाळी अथेन्सहून म्युनिकचं विमान आणि सोमवारी सकाळी ८ वाजता आमच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह. सगळं एक्सेल शीटमध्ये मांडून ठेवलेलं, अगदी तासातासाचं. आकाश निळंशार, औषधालाही ढग नाही. आणि तिकिटाच्या दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवलेला. त्यावर एकच लांबलचक ग्रीक शब्द: 'अपागोरेफ्तिको'.

शब्दाचा अर्थ 'मनाई'. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की बंदरावरचे तटरक्षक दलाचे अधिकारी बोटी सोडायला मनाई करतात. मोठ्या बोटींसाठी ही मर्यादा साधारण ८ ब्यूफर्ट, छोट्या आणि वेगवान बोटींसाठी त्याहून कमी. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा वारा सुटतो. आपल्याकडे वादळ म्हटलं की काळेकुट्ट ढग आणि पाऊस हवाच. इथे तसं काही नाही. लख्ख उन्हात, एखाद्या पोस्टकार्डावर शोभेल अशा समुद्रावर, तो तीन-तीन दिवस घोंघावत राहतो.

मी आत जाऊन भांडलो. खोटं कशाला सांगू, चांगलाच भांडलो. बोट केवढी, सातआठ मजल्यांची! बाहेर ऊन पडलंय! माझं विमान बुडेल, त्याचे पैसे कोण देणार? काउंटरमागचे काका सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तिकिटाचे पैसे परत मिळतील म्हणून सांगितलं, आणि वर म्हणाले, "पेदी मू, बस जरा." (पेदी मू म्हणजे 'पोरा'.) "मी इथला नव्हे, क्रीटचा, हानिया गावचा. १९६६ साली मी दहा वर्षांचा होतो. आमच्या गल्लीतली दोन माणसं त्या बोटीवर होती."

कोणती बोट, ते मला माहीत नव्हतं. पुढचा दीड दिवस नाक्सोसवर अडकून पडल्यावर दुसरं काम काय होतं? हॉटेलच्या रडतखडत चालणाऱ्या वाय-फायवर वाचत बसलो. त्या वाचनातून आणि काकांच्या दुकानात मारलेल्या दोन-तीन चकरांमधून जे कळलं, ते आज लिहितोय.

ग्रीसमध्ये वस्ती असलेली बेटंच दोनशेच्या आसपास आहेत. तिथे बोट म्हणजे सहल नव्हे. बोट म्हणजे आपली एस.टी., पोस्ट, भाजीचा टेम्पो, रुग्णवाहिका आणि निवडणुकीच्या मतपेट्या, सगळं एकात. शतकानुशतकं हे काम शिडाच्या होड्या करत. नियमित वेळापत्रकाच्या आगबोटी आल्या एकोणिसाव्या शतकात, आणि त्या अथेन्समधून नव्हे, सिरोस नावाच्या एका उघड्याबोडक्या बेटावरून.

सिरोसला आम्ही आदल्या आठवड्यात गेलो होतो. बोट बंदरात शिरते तेव्हा दोन टेकड्या घरांनी मढलेल्या दिसतात, आणि खाली एर्मुपोली, म्हणजे हर्मिस या व्यापाराच्या देवाचं शहर. हे शहर वसवलं निर्वासितांनी. ग्रीकांनी ऑटोमन सत्तेविरुद्ध १८२१ मध्ये उठाव केला. १८२२ मध्ये खिओस बेटावर भयानक कत्तल झाली. तिथून, प्सारा बेटावरून, स्मिर्नाहून जीव वाचवून पळालेले व्यापारी आणि खलाशी इथे येऊन टेकले. हाताशी काही नव्हतं, पण जहाजं बांधता येत होती आणि हिशेब ठेवता येत होते. तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी ग्रीसचं सगळ्यात गजबजलेलं बंदर उभं केलं. ग्रीसची पहिली आगबोट कंपनी १८५० च्या दशकात इथेच निघाली, १८६१ मध्ये 'नेओरिओ' हा जहाजांचा कारखाना आला, १८६४ मध्ये ऑपेरासाठी 'अपोलो' थिएटर. राजधानी अथेन्सला असली तरी पैसा इथे होता.

मग जे व्हायचं ते झालंच. पिरेयसला रेल्वे आली, १८९३ मध्ये कोरिंथचा कालवा उघडला, समुद्रातले रस्ते बदलले, आणि सिरोस मागे पडलं. पुढच्या पिढ्या उलट्या दिशेने पिरेयसला जाऊ लागल्या. १९०५ मध्ये सिरोसला जन्मलेला मार्कोस वामवाकारिस बारा-तेरा वर्षांचा असताना बोटीत लपून, विनातिकीट पिरेयसला पोचला, बंदरावर कोळसा वाहू लागला, आणि तिथेच बुझुकी शिकून रेबेतिको संगीताचा बापमाणूस झाला. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं सिरोसच्या एका मुलीवर आहे. बेट सोडलेल्या माणसाला बेट काही सोडत नाही. (कोकणातून परळ-लालबागला आलेल्यांच्या नातवंडांना हे वेगळं सांगायला नकोच.)

सिरोसच्या किनाऱ्यावरून समोर एक ओसाड बेट दिसतं, यारोस. १९४७ पासून काही वर्षं, आणि पुन्हा १९६७ ते १९७४ या लष्करी राजवटीत, राजकीय कैदी तिथे नेऊन टाकत. म्हणजे याच समुद्रावर एका बोटीत हनिमूनवाले आणि दुसरीत बेड्या घातलेले कम्युनिस्ट. कधीकधी तर एकाच बोटीत. त्याची कथा पुढे येतेच.

दुसऱ्या महायुद्धात ग्रीसचा व्यापारी ताफा जवळजवळ संपला. उरलेसुरले, नुकसानभरपाईत मिळालेले, लष्कराने मोडीत काढलेले, अशा कसल्याही जहाजांवर बेटांची वाहतूक सुरू झाली. त्यांतलं एक 'हिमारा', १९०५ मध्ये बांधलेलं जर्मन जहाज, मूळ नाव 'हर्था'. १९ जानेवारी १९४७ ला पहाटे, थेसालोनिकीहून पिरेयसला येताना ते एव्हियाच्या दक्षिण आखातात खडकांवर आदळलं. साधारण ३८० माणसं गेली. त्यांत हद्दपारीवर नेले जाणारे राजकीय कैदीही होते.

१९४७. हे वर्ष वाचलं आणि मी स्क्रीनवरून नजर काढली. आमच्या घरात हे वर्ष स्वातंत्र्याचं नंतर, आधी 'रामदास'चं.

'रामदास' बोट १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. त्या दिवशी गटारी अमावास्या, गावाकडे निघालेल्यांची झुंबड. काशाच्या खडकाजवळ लाटेने बोट कलली, माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त लोक गेले. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नाही. जे वाचले त्यांतले बरेच रेवसच्या कोळ्यांनी काढले. माझ्या आजीचा थोरला काका त्या बोटीवर होता. आजी तेव्हा नऊ वर्षांची. पुढे आयुष्यभर ती मुंबईहून माहेरी गेली ती एस.टी.ने, पेण-वडखळ करत, चार-चार तास धक्के खात. समोर तासाभराची लाँच असूनही. लहानपणी मला हा शुद्ध हट्टीपणा वाटायचा.

जुलै महिन्यात, भर पावसाळ्यात, भरगच्च बोट सोडायला त्या दिवशी कोणी 'नाही' म्हणालं नव्हतं. असो. ग्रीसकडे परत येतो.

काकांची बोट म्हणजे 'इराक्लिओन'. तिचा जन्म १९४९ चा, ग्लासगोच्या गोदीतला. नाव 'लेस्टरशायर', काम इंग्लंड ते रंगून मार्गावर माल आणि प्रवासी नेणं. म्हणजे ही बाई मूळची आपल्या हिंदी महासागरातलीच. १९६४ मध्ये टिपाल्डोस या ग्रीक कंपनीने ती विकत घेतली आणि तिच्या कुशीला मोठे दरवाजे कापून तिचं गाड्या वाहणाऱ्या फेरीबोटीत रूपांतर केलं. तेव्हा ग्रीसमध्ये गाड्या-ट्रक वाढत होते, क्रीटची संत्री-भाज्या अथेन्सला जायच्या होत्या. नवी फेरीबोट बांधण्यापेक्षा जुन्या मालवाहू बोटीला दरवाजे पाडणं स्वस्त. आमच्या धंद्यात याला लेगसी सिस्टीमवर नवा फ्रंट-एंड चढवणं म्हणतात. तिथे फार तर सर्व्हर बसतो.

७ डिसेंबर १९६६ च्या संध्याकाळी 'इराक्लिओन' हानियाजवळच्या सुदा बंदरातून पिरेयसला निघाली. हवा भयंकर खराब होती, आणि निघू नका असं सांगणारा बंधनकारक नियम नव्हता. गाड्यांच्या डेकवर एक शीतगृहाचा अवजड ट्रक होता. तो नीट जखडलेला नव्हता. बोट डोलू लागली तसा ट्रक सुटला, इकडून तिकडे आपटू लागला, आणि शेवटी त्याने कुशीचा दरवाजाच फोडला. समुद्र आत शिरला. रात्री २ वाजून गेल्यावर मदतीचा संदेश गेला आणि त्यानंतर थोड्याच वेळात बोट फाल्कोनेरा या निर्मनुष्य बेटाजवळ उलटून बुडाली. दोनशेहून जास्त माणसं गेली. वाचलेले पन्नासही नव्हते. बहुतेकजण झोपेत होते. रात्रीची बोट, सकाळी पिरेयस, असंच सगळे जायचे.

काका म्हणाले, दुसऱ्या दिवशी हानियात शाळा भरली नाही. गल्लीतल्या बायका बंदराकडे धावत गेल्या, पण बंदरात बघायला काहीच नव्हतं. बोट तिकडे अर्ध्या वाटेवर बुडालेली. समुद्राकडे तोंड करून नुसत्या उभ्या होत्या म्हणे.

मी इंजिनीअर माणूस, मला दरवाजा आणि ट्रकच्या साखळ्यांमध्ये रस. रूट कॉज ॲनालिसिस लिहायचं तर एका वाक्यात लिहिता येईल: ट्रक बांधला नव्हता. पण ट्रक न बांधता बोट निघू शकते, दरवाजा तेवढा कमकुवत असू शकतो, वारा बघून कोणी थांबवत नाही, संदेश गेल्यावर बचावाची यंत्रणा तासन्‌तास जागी होत नाही, ही सगळी मिळून ती बोट बुडते. चौकशी झाली, खटला चालला, आणि १९६८ मध्ये कंपनीच्या मालकाला आणि व्यवस्थापकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. टिपाल्डोस कंपनी संपली. दुकानाच्या काचेवरचं ते 'अपागोरेफ्तिको' आलं ते याच रात्रीतून. मी ज्याच्यावर ओरडत होतो तो कागद दोनशे माणसांनी लिहिलेला होता.

पण मला खरी भावली ती त्यानंतरची गोष्ट. खटला-शिक्षा हे सगळीकडेच होतं (किंवा होत नाही). क्रीटच्या लोकांनी म्हटलं, आता आम्ही दुसऱ्याच्या बोटीत बसणारच नाही. बोट आमचीच काढू. यात पुढाकार घेणाऱ्यांत होते किसामोसचे बिशप इरिनेओस. (हे गृहस्थ मोठे खटपटे. शाळा, वसतिगृहं, शेतकऱ्यांच्या संस्था, जिथे तिथे यांचा हात. १९११ मध्ये जन्मले आणि २०१३ पर्यंत जगले.) गावोगावच्या शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी, दुकानदारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे शेअर घेतले आणि १० एप्रिल १९६७ ला हानियात 'आनेक' कंपनीची स्थापना झाली. तारखेकडे बघा. बरोबर अकरा दिवसांनी, २१ एप्रिलला, अथेन्समध्ये लष्कराने सत्ता बळकावली. चार माणसांनी एकत्र जमणंही संशयाचं झालं असताना हजारो लोकांच्या मालकीची ही कंपनी टिकली आणि १९७० मध्ये तिची पहिली बोट 'किदोन' पिरेयसच्या मार्गावर लागली. तीही जुन्या तेलवाहू जहाजातून बनवलेली. पैसेच तेवढे होते. पण या वेळी बोट बदलून घेणारे आणि त्या बोटीतून जाणारे एकच लोक होते, हा फरक फार मोठा.

काकांच्या वडिलांनी एक शेअर घेतला होता. एकच. त्यांचा सर्टिफिकेटचा कागद घरात येशूच्या तसबिरीशेजारी लावलेला असायचा, आणि पिरेयसला जाताना वडील डेकवर 'हा खिळा माझा' असं म्हणत फिरायचे. मला एकदम आपल्याकडची ती स्वदेशीच्या काळातली 'माझी आगबोट' कंपनी आठवली, परदेशी आगबोटवाल्यांना टक्कर द्यायला निघालेली, बोटींना संतांची नावं देणारी. आणि लगेच हेही आठवलं की 'रामदास' त्याच कंपनीची होती. म्हणजे नुसतं 'आपली' म्हटल्याने बोट तरंगत नाही. हे मी काकांना सांगितलं नाही.

'आनेक'च्या पाठोपाठ १९७२ मध्ये इराक्लिओ शहरात 'मिनोअन', लेस्व्होस बेटावर 'नेल', अशा लोकवर्गणीच्या कंपन्या निघाल्या. ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्यांच्या टोलेजंग बोटी इटलीपर्यंत जाऊ लागल्या. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. शेअर बाजार, कर्ज, स्पर्धा, मंदी. 'मिनोअन' २००८ मध्ये एका इटालियन समूहाने घेतली, आणि 'आनेक' २०२३ च्या अखेरीस 'अटिका' या मोठ्या समूहात विलीन झाली. बोटींवर नाव अजून आहे. तसबिरीशेजारचा कागद मात्र आता नुसता कागद.

वाचताना मला वाटलं, चला, १९६६ नंतर हे लोक शहाणे झाले. तर नाही. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री 'एक्सप्रेस सामिना' ही बोट पारोस बेटाच्या अगदी दारात 'पोर्तेस' नावाच्या खडकांवर आदळली. हे खडक शतकानुशतकं तिथेच आहेत, नकाशावर आहेत, त्यांच्यावर दिवा आहे. बोट ऑटोपायलटवर होती, पुलावर लक्ष देणारं पुरेसं कोणी नव्हतं, आणि खालच्या भागातले जे जलरोधक दरवाजे बंद असायला हवेत ते उघडे होते. ऐंशीहून जास्त लोक बुडाले. बंदरातले मच्छीमार वादळात आपापल्या होड्या घेऊन धावले म्हणून आकडा तिथे थांबला. पारोसचे बंदर अधिकारी त्या रात्री बचावकाम करता करताच हृदयविकाराने गेले. ही बोट बांधली गेली होती १९६६ मध्ये. हो, त्याच वर्षी.

आणि ५ सप्टेंबर २०२३ ला पिरेयसमध्ये, सुटत्या बोटीच्या रॅम्पवर धावत चढू पाहणाऱ्या एका प्रवाशाला कर्मचाऱ्यांनी ढकललं. तो पाण्यात पडला आणि बुडाला. बोट निघालीसुद्धा. त्याचा व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला, आठवडाभरात जहाजमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. काका हे सांगताना प्रथमच चिडले. "वाऱ्याला घाबरायला शिकलो," म्हणाले, "घड्याळाला घाबरायचं अजून सोडत नाही."

या सगळ्यात एक छोटी बोट मला फार आवडली. नाक्सोसच्या धक्क्याला मोठ्या बोटींच्या सावलीत ती उभी असते, 'एक्सप्रेस स्कोपेलितिस'. एका कुटुंबाची बोट, गेली कित्येक दशकं इराक्लिया, स्खिनूसा, कुफोनिसी, दोनूसा अशी चिमुकली बेटं करत आमोर्गोसला जाते. या बेटांवर हिवाळ्यात मोजकी माणसं राहतात, तिकिटांवर तिथली बोट परवडणं शक्यच नाही. अशा मार्गांना ग्रीकमध्ये 'आगोनी ग्रामी' म्हणतात, म्हणजे 'नापीक मार्ग'. ज्या मार्गावर पैशाचं पीक येत नाही तो. सरकार अनुदान देऊन तिथे बोटी चालू ठेवतं, कारण बोट थांबली की शाळा थांबते, मग दवाखाना, मग बेट. अनुदान वेळेवर मिळत नाही म्हणून बोटवाले ओरडतात, बोट वेळेवर येत नाही म्हणून बेटवाले ओरडतात. आपल्याकडच्या तोट्यातल्या एस.टी. फेऱ्यांचीच कथा, फक्त रस्ता ओला.

त्या दिवशी 'स्कोपेलितिस'सुद्धा दोरखंडांना बांधलेली होती. धक्क्यावर एक म्हातारी दोन कोंबड्यांचा खुराडा आणि औषधांची पिशवी घेऊन बसली होती, दोनूसाला जायला. ती कोणाशीही भांडत नव्हती.

वारा रविवारी मध्यरात्री उतरला. मनाई उठली, आणि पहाटे तीनला आमची बोट लागली. रॅम्प धाडकन खाली आला, शिट्ट्या, आरडाओरडा, ट्रक उलटे आत. मी मुद्दाम गाड्यांच्या डेकवर रेंगाळलो. प्रत्येक ट्रकच्या चाकांना साखळ्या, त्या जमिनीतल्या कड्यांना पिळून आवळलेल्या. एक पोरगा एकेक साखळी लाथ मारून तपासत होता. त्याने मला वर हाकललं.

विमान बुडालंच होतं. गो-लाइव्ह माझ्याशिवाय झालं आणि व्यवस्थित झालं, हे सांगायला थोडा त्रास होतो :-)

सोमवारी सकाळी पिरेयसहून आजीला फोन केला. तिला एवढंच कळलं होतं की नातू कुठल्याशा बेटावर अडकलाय.

"बोटीनं आलास?" तिचा पहिला प्रश्न.

"हो गं. दीड दिवस वारा होता म्हणून सोडलीच नाही बोट."

"कोणी सोडली नाही?"

"बंदरावरचे साहेब असतात. ते कागद लावतात, मग एकही बोट हलत नाही."

"आणि माणसं? ऐकतात?"

"भांडतात. मीपण भांडलो."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "तुझ्या आईनं सांगितलं, आता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी बोट जाते. तिकडचीच आहे म्हणे."

खरंच तिकडचीच आहे. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ती रो-रो बोट ग्रीसमध्ये बांधलेली, २०१९ ची. एजियन समुद्रात जवळजवळच्या बेटांमध्ये अशाच बोटी ये-जा करतात. अगदी साध्या, उघड्या, पुढून चपट्या बोटींना तिथले लोक 'पांतोफ्ला' म्हणतात, म्हणजे सपाता.

"सपाता?" आजी हसली. "साखळ्या लावतात का रे गाड्यांना तिच्यात?"

मी म्हटलं, बघून सांगतो.

"बघून ये. मग ठरवू."